ड्रिलवरच बिटं ठेवायची घरगुती सोय, आणि चकात घसरणारं बिट

कास्तकार_आर्वी

रामराम मंडळी. ड्रिल १२ व्होल्टचं आहे, कॉर्डलेस. चक (बिट पकडणारं पुढचं तोंड) १० मिमीचा, बिनचावीचा. कामं ठरलेली: गोठ्यावर टिन मारणं, वावराच्या कुंपणाच्या ५ मिमी जाड अँगलला छिद्रं पाडणं, आणि ठिबकच्या सबमेनला (वावरातल्या जाड पाइपाला) ग्रोमेटची, म्हणजे जोडातल्या रबरी कडीची, छिद्रं.

पहिली अडचण टिनावरची. वर चढलं की हाताशी पीएच-२ चं (चौफुलीच्या स्क्रूचं) बिट, ८ मिमीचं सॉकेट आणि ३.५ व ५ मिमीची ड्रिल बिटं लागतात. खिशात ठेवली की एखादं घरंगळून खाली जातं आणि त्याच्यासाठी शिडी उतरावी लागते. ड्रिलच्या अंगावर दोन नळ्यांच्या इपॉक्सीनं चुंबक चिकटवून पाहिला, एप्रिलातल्या उन्हात तो पापुद्र्यासारखा सुटून आला. गावात मिळणाऱ्या सामानातून पक्की सोय काय करता येईल?

दुसरी अडचण चकाची. अँगलमध्ये ५ मिमीचं बिट आरपार जायच्या वेळी अटकतं, चक फिरत राहतो आणि बिट जागीच थांबतं. दांडीवर आता गोल चरे पडले आहेत, त्यामुळं ते आणखीच घसरून राहिलं. चक हातानं आवळता येईल तितका आवळतो.

तिसरी, ग्रोमेटसाठी १२ मिमीचं बिट लागतं, ते १० च्या चकात जात नाही. आणि चौथी, होल्डरमधलं (छोटी बिटं धरणाऱ्या नळीतलं) छोटं बिट स्क्रूच्या डोक्यातच अडकून राहतं, ड्रिल मागं घेतलं की होल्डर रिकामा.

नवीन ड्रिल घ्या हा सल्ला नको. आहे त्यात काय करता येतं ते सांगा.

सुतारकाम_दारव्हा

भाऊ, चुंबक सुटला कारण चिकटवायची जागाच चुकीची होती. ड्रिलचं अंग काच-तंतू मिसळलेल्या नायलॉनचं असतं आणि मुठीजवळचा मऊ काळा थर रबरी. नायलॉनला इपॉक्सी जेमतेम धरतो, रबरी थराला तर धरतच नाही. त्यात साधा इपॉक्सी ५०-६० अंशांच्या पुढं नरम पडू लागतो. आपल्याकडं मे महिन्यात सावलीतच पारा ४५ ला टेकतो; काळं ड्रिल तापल्या टिनावर पाच मिनिटं ठेवलं तर त्याचं अंग साठच्या पुढं सहज जातं. बंदुकीचा गरम गोंदही अशा उन्हात नरम पडून सुटतो. म्हणून डिंकाच्या भरवशावर काहीच राहू देऊ नका, स्क्रूनं किंवा ताणानं पकडलेलं पाहिजे.

ड्रिलच्या तळाशी, बॅटरीच्या वरच्या अंगाला, बेल्टच्या हुकासाठी एक स्क्रूची जागा बहुतेक मॉडेलला असते. दोन्ही बाजूंना असली तर आणखी चांगलं. तीच वापरायची. जुन्या रबरी चपलेचा तळ घ्या, टाचेकडचा जाड भाग, १५ मिमी तरी जाडी हवी. त्यातून ५० मिमी लांब, २० मिमी रुंद तुकडा कापा. ब्लेडला पाणी लावून कापलं की कड सरळ येते. या तुकड्याच्या रुंदीतून, म्हणजे वरून खाली, बिटांची भोकं पाडायची. षटकोनी दांडी ६.३५ मिमीची असते, तिला भोक ५ मिमीचं पाडा. रबर भोक पाडल्यावर परत मिटतं, त्यामुळं पाचाचं भोक प्रत्यक्षात चारासारखं वागतं आणि बिट घट्ट बसतं. ५ मिमीच्या गोल ड्रिल बिटाला ३.५ चं भोक, ३.५ च्या बिटाला २.५ चं. दोन भोकांमध्ये ८ मिमी तरी अंतर ठेवा, नाहीतर मधली भिंत फाटते. भोक आरपार करू नका, खाली ३-४ मिमी शिल्लक ठेवा, म्हणजे बिट खालून निसटत नाही. रबराला साधं बिट हळू फिरवलं की ते गुंडाळतं, म्हणून वेग जास्त आणि दाब कमी ठेवा. चपला शिवणाऱ्याकडचा पोकळ पंच मिळाला तर त्याहून सुबक काम होतं.

आता हा तुकडा धरायचा कसा? कूलरच्या स्टँडची किंवा खिडकीच्या जाळीची १.५ ते २ मिमी जाड, २० मिमी रुंद लोखंडी पट्टी घ्या, ६० मिमी लांब. एका टोकाला ४.५ मिमीचं छिद्र, हुकाच्या स्क्रूसाठी. उरलेल्या लांबीवर रबर ठेवून दोन ठिकाणी ३ मिमीचे छोटे नट-बोल्ट, रबराच्या बाजूला मोठा वायसर, नाहीतर बोल्टाचं डोकं रबरात रुतून आरपार येतं. हे बोल्ट बिटांच्या दोन भोकांमधल्या जागेत येतील असं आधीच आखून घ्या.

हुकाचा मूळ स्क्रू सहसा एम-४ (४ मिमी जाडीचा) असतो, पण नट लावून खात्री करा. आणि इथंच नुकसान होतं: जितकी पट्टीची जाडी, तितकाच स्क्रू मूळपेक्षा जास्त लांब घ्यायचा. मूळ १० मिमी असेल आणि पट्टी २ ची, तर १२ मिमी. घरात सापडला म्हणून २० मिमीचा स्क्रू पिळला तर आतलं आट्यांचं पितळी बूच उचकटतं किंवा नायलॉन चिरतं. ड्रिलच्या अंगाला स्वतः नवीन छिद्र पाडू नका, तळात सर्किट आणि बॅटरीच्या तारा असतात.

हुकाची जागाच नसेल तर मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबचा २० मिमी रुंद गोल पट्टा कापा आणि तळाच्या घेराभोवती चढवा. पट्ट्याचा घेर ड्रिलच्या घेरापेक्षा साधारण चौथाईनं कमी हवा. त्याहून सैल असला तर बिटं घरंगळतात, त्याहून तंग असला तर बिट घालताना दोन हात लागतात. पट्टा बॅटरीच्या खटक्यांवर आणि हवेच्या जाळीवर येता कामा नये. ट्यूब वर्षभरात उन्हानं तडकते, तेव्हा नवीन कापायची. दोन मिनिटांचं काम आहे, म्हणून चार पट्टे एकदमच कापून ठेवा.

लेथ_वरूड

चकाचं मी सांगतो. घसरण्याचं मूळ आधी पाहा, कारण तीन वेगळ्या कारणांना तीन वेगळे उपाय आहेत.

एक, चकाच्या जबड्यात तेल-कीस. जबडे पूर्ण उघडा, ड्रिल उलटं धरा म्हणजे तोंड जमिनीकडं, आणि जुन्या टूथब्रशनं आतला कीस झाडा. मग थिनरनं ओला केलेला फडक्याचा बोळा आत फिरवा. तेल घालायचंच असेल तर शिलाई मशीनचं, एक थेंब, तेही जबड्यांच्या मागच्या खोबणीत. पकडीच्या तोंडावर तेल राहिलं तर बिट घसरणारच.

दोन, चकच स्पिंडलवर (मोटारीकडून येणाऱ्या दांड्यावर) ढिला. जबडे पूर्ण उघडल्यावर आत तळाशी एक स्क्रू दिसतो. त्याचे आटे उलटे असतात, म्हणजे आवळायला डावीकडं फिरवायचं. पुष्कळजण उजवीकडं फिरवतात आणि तो आणखी सुटतो, नाहीतर डोकं खाऊन जातं. ड्रिल उलटं फिरवल्यावर चक सैल होत असेल तर दोष याच स्क्रूत आहे.

तीन, तुमचं जे दिसतंय ते: दांडीवरचे चरे. बिट एकदा घसरलं की दांडीवर बर (लोखंडाची खरखरीत कड) उठते. मग जबडे फक्त त्या बरीवर टेकतात, पूर्ण दांडीवर नाही, आणि दुसऱ्यांदा ते आणखी लवकर घसरतं. हातानं कितीही आवळा, टेकायची जागाच कमी झाली. म्हणून पहिलं काम, बारीक कानशीनं बर उतरवून दांडी बोटाला गुळगुळीत लागेल अशी करणं.

त्यानंतर दांडीला तीन चपट्या बाजू काढा, १२० अंशांवर. चकाला जबडे तीनच आहेत, प्रत्येक जबडा एका चपट्या बाजूवर बसला की बिट फिरायला वावच राहत नाही. लोक ग्राइंडरवर अंदाजानं करतात आणि बिट वाकडं फिरायला लागतं, कारण तिन्ही बाजू सारख्या खोल झालेल्या नसतात. अंदाज काढून टाकायला एक साधा नट पुरतो.

५ मिमीच्या दांडीवर एम-६ चा नट (१० चा पाना लागतो तो) जवळपास फिट जातो, कारण त्याच्या आट्यांमधलं भोक पाचाच्या आसपासच असतं. नट दांडीवर असा सरकवा की दांडीचं टोक १५ मिमी बाहेर राहील, आणि झटपट गोंदाचा एक थेंब सोडून तिथंच थिजू द्या. इथं गोंद चालतो, कारण दहा मिनिटांनी तो काढूनच टाकायचा आहे. आता नटाचे एकाआड एक तीन कोपरे मार्करनं खुणावा. नट व्हाइसमध्ये समोरासमोरच्या दोन बाजूंनी पकडा, खुणेचा कोपरा बरोबर वर. कानस आडवी, सपाट चालवा. मोजून दहा-बारा हात मारले की थांबा आणि पाहा. चपटी बाजू २ मिमी रुंद दिसली की बस, म्हणजे ०.२ मिमी झिजलं. अडीचच्या पुढं जाऊ नका. मग नट सोडवून दुसरा खुणेचा कोपरा वर आणा, तितकेच हात मारा. तिसरा तसाच. बाजू किती खोल झाली ते डोळ्याला कळत नाही, पण किती रुंद झाली ते कळतं, म्हणून रुंदीच सारखी ठेवायची.

६ मिमीच्या दांडीला एम-८ चा नट, ८ मिमीला एम-१०. हे थोडे ढिले बसतात, म्हणून दांडीला इन्शुलेशन टेपचे दोन वेढे देऊन मग नट चढवा.

बहुतेक एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिटांची दांडी धारेपेक्षा मऊ ठेवलेली असते, कानस चालते. कानस घसरून नुसती चकाकी येत असेल तर दांडी कडक आहे. तिथं ग्राइंडरवर पातळ चाकानं थोडं थोडं घासा आणि दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. दांडीला नट वेल्डिंग करून षटकोन बनवायचा प्रकार करू नका. तो मध्यावर कधीच बसत नाही आणि जोडाजवळ लोखंड ठिसूळ होऊन बिट तिथंच तुटतं, बहुधा भोकात.

आवळताना बिट तळापर्यंत घालून १ मिमी मागं घ्या, आणि धारेची नागमोडी खाच जबड्यांत येत नाही ना ते पाहा. बारीक बिट दोन जबड्यांच्या फटीत अडकतं, तेही तपासा: हळू फिरवा, टोक भोवरा काढत असेल तर सोडून परत पकडा. चक मुठीत धरून मोटार चालवून आवळायची सवय सोडा, तळव्याचं कातडं जातं. प्लॅस्टिकच्या कॉलरला पाइप पाना लावला तर कॉलर फुटते आणि ती सुटी मिळत नाही.

आणि अँगलमध्ये बिट अटकतं ते सुटायच्या क्षणी, दाब तसाच ठेवल्यामुळं. पलीकडून टोक दिसलं की जोर काढून घ्या, पहिला गिअर ठेवा, वेग कमी. आधी ३ मिमीचं, मग ५ चं. कटिंगचं तेल नसेल तर खोबरेल चालतं. एवढं केलं तर अर्धी घसरण तशीच थांबते.

कास्तकार_आर्वी

लेथवाले भाऊ, नटाची युक्ती डोक्यात बसली, आजच ५ च्या दोन बिटांवर करतो. दोन शंका आहेत. १२ चं बिट चकात बसवायला त्याचीही दांडी अशीच कानशीनं कमी करता येईल का? आणि सुतारभाऊ, चुंबक पूर्णच सोडू का? ८ मिमीचं सॉकेट रबरात धरत नाही, तोंडाकडं ते फारच जाड आहे.

ठिबक_फिटर

१२ ची दांडी कानशीनं १० च्या आत आणणं म्हणजे चारी बाजूंनी १ मिमी उतरवणं. हातानं ती गोल राहत नाही. तालुक्याच्या ठिकाणी लेथवर द्या. सांगायचं एवढंच: ९.५ मिमी व्यास, ३० मिमी लांबी, आणि जिथं बारीक भाग संपून जाड सुरू होतो तिथं काटकोनी पायरी नको, थोडी गोलाई ठेवा. काटकोनी पायरी ठेवली तर बिट तिथंच मोडतं. हे बिट मग पीव्हीसी आणि लाकडापुरतंच. १२ व्होल्टच्या ड्रिलनं लोखंडात १२ चं भोक पाडायला जाऊ नका, अटकलं की मनगट पिळतं.

पण ग्रोमेटसाठी मी पायरीचं बिट सांगेन. ४ ते १२ मिमीचं, एकेक मिमीच्या नऊ पायऱ्यांचं येतं, त्याची दांडी ६.३५ ची षटकोनी असते, म्हणजे तुमच्या चकात घसरायचा प्रश्नच नाही. सबमेनच्या पाइपाची भिंत एका पायरीच्या उंचीपेक्षा पातळ असते, त्यामुळं भोक एकाच मापाचं येतं. शेवटच्या पायरीच्या वरच्या कडेला काळ्या टेपचा एक वेढा द्या, तो पाइपाला टेकला की थांबा.

साधं १२ चं वापरणार असाल तर पीव्हीसीत ते सुटताना एकदम आत ओढलं जातं आणि भोक लंबगोल होतं. यावर उपाय: बिटाच्या दोन्ही कापणाऱ्या धारांवर पाण्याच्या दगडानं समोरून दोन-तीन हलके हात मारा. धार किंचित बोथट झाली की ती खरवडते, ओढत नाही. मात्र ते बिट लोखंडासाठी परत वापरायचं तर धार नव्यानं लावावी लागेल, म्हणून वेगळं ठेवा, दांडीला रंग लावा.

भोकाचं माप ग्रोमेटवर अवलंबून असतं, सगळीकडं १२ च असं धरू नका. टाकाऊ तुकड्यावर एक भोक पाडून ग्रोमेट आणि टेकऑफ (ग्रोमेटमध्ये बसणारा नळीचा जोड) बसवून पाहा. टेकऑफ हातानं सहज गेला तर भोक मोठं झालंय. भोकाच्या आतली बर ब्लेडनं काढा, ती राहिली की ग्रोमेटच्या ओठाखालून पाणी झिरपतं. आणि कीस पाइपात पडू देऊ नका, नाहीतर पहिल्या पाण्याला तो लॅटरलमध्ये (ठिबकच्या बारीक नळीत) जाऊन ड्रिपर बंद करतो. लॅटरल जोडायच्या आधी सबमेनची टोपी काढून पाणी सोडा.

टिनशेड_हिंगणघाट

चुंबक सोडू नका, पण सुतारभाऊंच्या पट्टीवरच बसवा, ड्रिलच्या अंगावर नाही. पट्टी लोखंडी आहे ना, मग चुंबकाला गोंद कशाला? २० मिमी व्यास, ३ मिमी जाड निओडायमियमचा गोल चुंबक पट्टीच्या दुसऱ्या अंगावर ठेवला की स्वतःच्या ओढीनंच बसतो. सॉकेट त्यावर आडवं राहतं. बंद पडलेल्या स्पीकरचा चुंबकही चालतो. त्याची ओढ कमी आणि वजन जास्त, पण उष्णता भरपूर सोसतो. साधा निओडायमियम ८० अंशांच्या पुढं कायमचा कमजोर होऊ लागतो, म्हणून वेल्डिंगच्या जवळ किंवा गाडीच्या काचेमागं ते ड्रिल टाकून ठेवू नका.

चुंबकाचा खरा त्रास वेगळा आहे आणि तो इथं कुणी बोललं नाही. अँगलला भोक पाडताना उडणारा लोखंडाचा कीस त्यावर दाढीसारखा उगवतो. तो बोटात घुसतो, आणि हवेच्या जाळीजवळ असला तर पंखा तो आत ओढून मोटारीपर्यंत नेतो. म्हणून चुंबक तळाशी, जाळीपासून आणि मोटारीपासून लांब. वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा मोज्यासारखा चढवा. कीस साचला की चुंबक पट्टीवरून ओढून काढा, ट्यूब उलटी सोलून घ्या, कीस आपोआप गळून पडतो. उघड्या चुंबकावरचा कीस पुसून कधीच निघत नाही.

याच कारणानं ८ मिमीचं सॉकेटही दगा देतं. सेल्फ ड्रिलिंग स्क्रू मारताना निघणारा कीस सॉकेटच्या तळच्या चुंबकावर थर करतो. मग स्क्रूचं डोकं पूर्ण आत बसत नाही, कडेवर टेकतं, डुलतं आणि टिनावर गोल घासतं. दर वीस-पंचवीस स्क्रूंनंतर भिजवलेल्या कणकेचा गोळा किंवा एमसीलचा न मिसळलेला तुकडा आत दाबून ओढा, कीस त्याला चिकटून येतो.

आता बिट स्क्रूतच राहतं त्याचं. होल्डरच्या तळाचा चुंबक निसटलेला किंवा चेपलेला असणार. होल्डरचं तोंड षटकोनी, आतल्या बाजू ६.३५ च्या, म्हणून ५ मिमी व्यास आणि २ किंवा ३ मिमी जाड चुंबक आत सहज उतरतो. आधी जुन्याचे तुकडे खिळ्यानं खरवडून काढा, थिनरनं धुवा, वाळू द्या. काडीच्या टोकावर मोहरीएवढा इपॉक्सी घेऊन तळाशी लावा, चुंबक सोडा, बिट घालून दाबा आणि लगेच बिट काढून घ्या, नाहीतर तेच आत चिकटेल. होल्डर रात्रभर उभा ठेवा. तळाशी, लोखंडाच्या खोबणीत, सुटायला वाव नसल्यानं इथं इपॉक्सी टिकतो. चुंबकामुळं बिट तितकं बाहेर येतं, २५ मिमीच्या बिटाला त्यामुळं पकड कमी पडते का ते पाहा. निम्म्याहून जास्त बाहेर दिसलं तर २ मिमी जाडीचाच चुंबक घ्या.

होल्डरमध्ये चुंबकाऐवजी तारेची कडी असेल आणि ती ढिली झाली असेल, तर बिटाच्या षटकोनी दांडीवर प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीचा एक पदर ठेवून दाबून बसवा. पदर एकच. दोन झाले की बिट काढायला पक्कड लागते.

लेथ_वरूड

एक राहिलं. तीन चपट्या बाजू काढलेलं बिट चकात घालताना जबडे हलके टेकेपर्यंत फिरवा, मग बिट बोटानं किंचित डावी-उजवीकडं हलवून पाहा. चपट्या बाजूवर जबडा बसला की ते हलणं थांबतं, तेव्हा आवळा. जबडा कडेवर बसला तर बिट वाकडं फिरेल आणि दोष नटाला लागेल. नटाचा गोंद सुटत नसेल तर नट लायटरवर दहा-पंधरा सेकंद तापवा आणि पक्कडीनं फिरवा, धारेच्या बाजूला आच नेऊ नका. धूर डोळ्याला झोंबतो, उघड्यावर करा.